उताराच्या बागेसाठी जुने गवत कापणी यंत्र घेताना

रत्नागिरी जिल्ह्यात आंबा-काजूच्या बागा सपाटीवर कमी आणि डोंगरउतारावर जास्त आहेत. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना १९९० मध्ये सुरू झाली आणि पूर्वी केवळ गवतासाठी किंवा नाचणी-वरीसाठी ठेवलेल्या वरकस जमिनींवर मोठ्या प्रमाणात कलमे लागली. ही कलमे आता भरात आहेत, पण त्यांच्याखालची बेणणी करायला वेळेवर माणूस मिळत नाही. पाऊस संपेपर्यंत गवत कमरेएवढे होते. ते कापून बाजूला झाले नाही, तर पुढे उन्हाळ्यात वणव्याची एक ठिणगी वीस-पंचवीस वर्षांची मेहनत घेऊन जाते. म्हणून यंत्र हवे, आणि नव्याची किंमत झेपत नाही म्हणून नजर जुन्याकडे वळते. त्यात गैर काही नाही. मात्र सपाट जमिनीवर जुन्या यंत्राची खोड फक्त खर्चात पडते, उतारावर तीच खोड चालवणाऱ्याच्या जिवावर येते. हा फरक लक्षात ठेवूनच खरेदीस निघावे.

आधी उतार मोजा

बरेच जण यंत्र पाहून येतात आणि मग ते आपल्या बागेत चालेल का, असे विचारतात. क्रम उलटा हवा. बागेतील सर्वांत तीव्र उताराच्या तीन-चार जागा निवडाव्यात. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घेऊन तिचे वरचे टोक जमिनीला टेकवावे, गवंड्याची पाणसळ ठेवून पट्टी आडवी समपातळीत धरावी आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. हे अंतर सुमारे १८ सें.मी. भरले तर उतार १० अंश, २७ सें.मी. भरले तर १५ अंश आणि ३६ सें.मी. भरले तर २० अंश समजावा. डोळ्यांना १५ अंशांचा उतार काहीच वाटत नाही, हीच अडचण आहे.

बसून चालवायच्या अनेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत १५ अंश ही कमाल मर्यादा दिलेली असते, काहींत त्याहूनही कमी. ही मर्यादा चांगल्या टायरच्या, चांगल्या ब्रेकच्या नव्या यंत्रासाठी आणि कोरड्या, सारख्या जमिनीसाठी असते. आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, जमिनीत जांभ्याचे धोंडे असतात आणि झाडाभोवतीची आळी यंत्राचे एक चाक अचानक खाली घेतात. तेव्हा जुने यंत्र घेणाऱ्याने १० अंशांपर्यंतच्या भागाचा हिशेब बसून चालवायच्या यंत्रावर करावा. १० ते १५ अंशांचा भाग फक्त कोरड्यात आणि अनुभवी माणसाच्या हाती द्यावा. त्यावरचा उतार, गडग्याच्या कडा आणि मजगीच्या अरुंद पायऱ्या खांद्याला अडकवायच्या ग्रास कटरसाठी सोडाव्यात. बागेचा निम्म्याहून अधिक भाग १५ अंशांच्या वर निघाला, तर मोठ्या यंत्राचा विचार तेथेच सोडून द्यावा. दोन चांगले ग्रास कटर आणि ते चालवणारी दोन माणसे अशा बागेत जास्त काम देतात.

पुढे पाते असलेले यंत्र

गोल्फची मैदाने, कारखाने आणि मोठी हॉटेले आपल्या हिरवळीसाठी बसून चालवायची यंत्रे वापरतात आणि काही वर्षांनी ती विकून टाकतात. त्यांतील ज्या यंत्राचा डेक, म्हणजे पाती बसवलेली पेटी, चालकाच्या पुढे असते, ते फळबागेला सोयीचे वाटते आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. डेक पुढे असल्याने चाकांखाली दबण्याआधीच गवत कापले जाते. हापूसच्या लोंबत्या फांद्यांखाली डेक सरकवता येतो आणि माणूस बाहेरच राहतो. धोंडा किंवा बुंधा समोर दिसतो.

पण या यंत्राची घडण उतारावर कशी वागते ते समजून घ्यावे. यात साधारणतः पुढची चाके ओढतात आणि मागची वळतात. इंजिन मागे असते. चढावर जाताना भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि जागीच फिरू लागतात. उतरताना उलट होते: मागची चाके हलकी पडतात आणि सुकाणू फिरवले तरी यंत्र सरळच घसरत जाते. मागे गवताची पेटी बसवलेली असेल, तर भरलेल्या पेटीमुळे चढावरचा दोष आणखी वाढतो. म्हणून उताराच्या बागेसाठी चारही चाके ओढणारेच यंत्र पाहावे. दोन चाकांचे स्वस्तात मिळाले तरी सपाट माळासाठीच घ्यावे. दोन दांड्यांनी जागच्या जागी गिरकी घेणारी यंत्रे काम झपाट्याने करतात, पण त्यांचे वळणे आणि थांबणे दोन्ही ओढणाऱ्या चाकांवरच अवलंबून असते. ती चाके ओल्या गवतावर सुटली की चालकाच्या हातात काहीच उरत नाही. उतारावर ती नकोत.

चालकाच्या पाठीमागे लोखंडी संरक्षक कमान आणि आसनाला पट्टा आहे का, हे किमतीच्या आधी पाहावे. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर अशी संरक्षक रचना सक्तीची केली आणि पुढील काळात ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तेथे फार घटले. आपल्याकडे फांद्यांना अडकते म्हणून ही कमान कापून टाकलेली आढळते. असे यंत्र उताराला घेऊ नये. फांद्या अडकत असतील तर काढणीनंतर खालच्या फांद्यांची विरळणी करावी, कमानीची नव्हे. कमान उभी असताना पट्टा बांधलाच पाहिजे. दुमडणारी कमान खाली पाडून काम करायची वेळ आली तर पट्टा बांधू नये, कारण यंत्र उलटल्यास माणूस त्याखालीच अडकून राहतो. आणि असे काम फक्त सपाटीवर करावे.

आणखी एक गोष्ट. हिरवळीवरचे यंत्र बोटभर गवतासाठी बनवलेले असते. ऑक्टोबरातले कमरेएवढे गवत आणि त्यातली रानमोडीची खोडे एकाच फेरीत कापायला लावली तर पट्टे जळतात आणि बेअरिंग जाते. अशा यंत्राने ऑगस्टपासून उघडीप मिळेल तशी दोन-तीनदा छाटणी करीत राहिले तरच ते टिकते. एकदाच कापायचे असेल तर जाड गवताचे, हातोडीसारख्या लोंबत्या पात्यांचे यंत्र बरे. ते दगडही कमी उडवते.

यंत्र तपासताना

विकणाऱ्याला आधी कळवून ठेवावे की, आम्ही येईपर्यंत यंत्र सुरू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून पाहावा. गरम लागले तर थंड होईपर्यंत थांबावे. थंड इंजिन किती प्रयत्नांत सुरू होते, धूर निळा येतो का आणि तो किती वेळ टिकतो, यावरून अर्धी माहिती मिळते. तास दाखवणाऱ्या काट्यावर विसंबू नये. पायपट्टीचे रबर, आसन आणि सुकाणूची पकड किती झिजली आहे ते पाहून काट्याशी मेळ घालावा.

आता खरी परीक्षा. जुन्या यंत्रांत तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोस्टॅटिक पंप असेल, तर त्याची झीज थंडपणी लपते. तेल तापून पातळ झाले की ती उघडी पडते. म्हणून पाती चालू ठेवून किमान अर्धा तास यंत्र चालवावे आणि मगच उतारावर न्यावे. चढ अर्ध्यावर आल्यावर थांबवावे. यंत्र हळूहळू मागे सरकते का, पुन्हा चढायला लावल्यावर कण्हत थबकते का, हे पाहावे. हातब्रेक लावून इंजिन बंद करावे आणि दोन मिनिटे बाजूला, यंत्राच्या वरच्या अंगाला उभे राहावे. ब्रेक धरत नसेल तर पुढचे काही तपासू नये. पंपाचे तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. जळका वास आला तर पंपाचा खर्च किमतीतून वजा करूनही परवडतो का ते पाहावे. बहुधा परवडत नाही.

त्यानंतर सपाटीवर पाती चालू असताना चालकाने आसनावरून किंचित उठावे, यंत्रावरून उतरू नये. इंजिन किंवा पाती आपोआप बंद झाली पाहिजेत. पुष्कळ जुन्या यंत्रांत आसनाखालचा हा खटका तारेने जोडून निकामी केलेला असतो. पाती बंद केल्यावर ती पाच-सात सेकंदांत थांबावीत. मग इंजिन बंद करून, किल्ली काढून आणि उचललेल्या डेकला भक्कम ओंडक्याचा आधार देऊन पात्याचे टोक हातमोजा घालून वर-खाली हलवावे. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग गेले आहे. डेक उचलणाऱ्या बाहूंच्या सांध्यांवर नवा रंग किंवा नवे वेल्डिंग दिसले तर तेथे चीर गेली होती असे समजावे. हिरवळीचे गुळगुळीत टायर आपल्या कामाचे नाहीत. खाचांच्या टायरचा खर्च आधीच धरावा.

ही परीक्षा बहुतेक वेळा मार्च ते मे या काळात, कोरड्या कातळावर होते, आणि यंत्र लागते ते ऑगस्टात. हापूसला पॅक्लोब्युट्राझॉल देण्यासाठी १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या सुमारास आळी साफ करावी लागतात, तेव्हा गवत भिजलेले आणि कातळ शेवाळलेला असतो. उन्हाळ्यात १५ अंश सहज चढलेले यंत्र त्या दिवसांत ८ अंशांवरही घसरते. शक्य असेल तर खरेदी पावसाळ्यात करावी. नसेल तर उताराच्या एका पट्ट्यावर पाणी मारून चालवून पाहावे. विकणारा कुरकुरला तरी हरकत नाही.

ग्रास कटर जुना घेताना

खांद्याच्या ग्रास कटरमध्ये जुने आणि मोडके यांतील अंतर थोडेच असते. दोरी सावकाश ओढून पाहावी. सहज, अडथळ्याविना आली तर सिलिंडर-पिस्टन झिजले आहेत. दांडा धरून पात्याकडचे गिअरचे डोके हलवावे. इंजिन मंद चालत असताना पाते फिरता कामा नये. फिरत असेल तर क्लच किंवा मंद गतीची जुळणी बिघडलेली आहे. टू-स्ट्रोक असेल तर विकणारा पेट्रोलमध्ये तेल किती घालत होता हे विचारावे. ५० ला १ या प्रमाणात लिटरला २० मि.लि. आणि २५ ला १ या प्रमाणात ४० मि.लि. तेल लागते. उत्तर "अंदाजाने" असे आले तर यंत्र परत ठेवावे. पात्यावरचे संरक्षक कव्हर आणि दोन्ही खांद्यांचा पट्टा नसलेला कटर उतारावर वापरू नये.

लहान कलमांच्या बुंध्याला पाते किंवा नायलॉनची दोरी लागू देऊ नये. साल सोलली की खोडकिड्याला वाट मिळते. बुंध्याभोवती हातभर जागा कोयतीनेच साफ करावी. उतारावर गवत मुळापासून खरवडू नये, आठ-दहा सें.मी. ठेवावे, तेच माती धरून ठेवते.

चालवण्याची दिशा यंत्रागणिक बदलते, हे गड्याला नीट सांगावे. बसून चालवायचे यंत्र उताराच्या सरळ वर-खाली चालवावे, आडवे नेल्यास ते कुशीवर उलटते. मागून चालत ढकलायचे यंत्र मात्र आडवे चालवावे, म्हणजे पाय घसरला तरी पात्याखाली जात नाही. पॉवर टिलरला गवत कापणीचे जोडसाधन लावणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: उतरताना डावा वळणक्लच दाबला की टिलर उजवीकडे वळतो, कारण सुटलेले चाक वेगाने खाली धावते. उतरताना वळणक्लच वापरूच नये. वेग कमी ठेवून दांडी हाताने फिरवावी.

व्यवहार करताना

परदेशी बनावटीच्या यंत्राचे पट्टे, गाळण्या आणि पात्यांची बेअरिंगे कोल्हापूर किंवा पुण्यात मिळतात का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी नमुना क्रमांक सांगून विचारून घ्यावे. एक पट्टा यायला महिना लागला तर त्या हंगामाची बेणणी गेली. मूळ बिल, इंजिन क्रमांक आणि विकणाऱ्याची सही असलेली पावती घ्यावी. यंत्र शासकीय अनुदानातून घेतलेले असेल तर त्याच्या विक्रीवर अटी असतात. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करूनच पैसे द्यावेत. माहितीपुस्तिका हरवली असेल तर तीही विकणाऱ्याकडून मिळवावी, कारण उताराची मर्यादा तीत लिहिलेली असते आणि ती तुमच्या गड्यालाही वाचून दाखवायची आहे.