पट्ट्याचा एक दात

बेळगावच्या उद्यमबागेतील यंत्रशाळांत लोखंडाचे माप काटेकोर असते. पण माप बिनचूक असूनही दुरुस्त केलेले इंजिन मेळ चुकल्याने अडते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होताना कॅमशाफ्टचा एक व्हावा, हा मेळ दातेरी टायमिंग बेल्ट राखतो. क्रँकच्या चाकास २० दात असल्यास पट्टा एक दात सरकताच १८ अंशांची चूक होते. इंजिन थरथरते, काही इंजिनांत तर उघडी झडप दट्ट्यावर आदळून वाकते. म्हणून पट्टा चढविताच स्टार्टर मारू नये. पान्याने क्रँक नेहमीच्या दिशेने सावकाश दोन फेरे फिरवावा. एका फेऱ्यात क्रँकची खूण जागी येते, कॅमची मात्र विरुद्ध बाजूस राहते. दोन्ही जुळतात त्या दुसऱ्या फेऱ्यानेच. मध्ये अडल्यास जोर न लावता खुणा नव्याने जुळवाव्यात.