कॅट काढण्याआधी

आमच्या सोसायटीच्या तळघरात, उताराच्या तोंडाशीच वॉचमनकाकांची खुर्ची असते. डिसेंबरातल्या एका सकाळी मी गाडी काढायला खाली गेलो, तर काका नाकातोंडाला मफलर गुंडाळून उभे. थंडीमुळे असेल, असं वाटलं. मी गाडी सुरू केली आणि ते लगबगीने उतार चढून वर निघून गेले. वर आल्यावर काच खाली करून विचारलं, "काका, बरं नाही का?" ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "साहेब, राग नका मानू. तुमची गाडी सुरू झाली की डोळ्यांतून पाणी येतं. तुम्ही निघून जाता, वास तासभर खालीच बसतो."

गाडीला कॅटलेस डाऊनपाईप बसवून तेव्हा पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत मला तो वास कधी आला नव्हता असं नाही. सिग्नलला काच उघडी असली की यायचा, उग्र, कच्च्या पेट्रोलसारखा, घशात उतरणारा. मी काच वर करायचो, एसी आतल्या हवेवर टाकायचो आणि विसरायचो. काकांना वर करायला काच नव्हती.

हे सगळं लिहितोय ते टर्बो गाडी घेतलेल्या आणि "स्टेज टू करू या का", म्हणजे डाऊनपाईप बदलून रिमॅप करू या का, या विचारात असलेल्या मुलांसाठी. मला दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा फोन येतो. प्रश्न ठरलेला: कॅटेड घेऊ की कॅटलेस?

आधी नळी काय आहे ते पाहू. इंजिनातून निघालेला गरम वायू टर्बोचं चाक फिरवतो आणि तिथून ज्या नळीत शिरतो ती डाऊनपाईप. आजच्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे आपला कॅट, याच नळीत टर्बोला जवळजवळ चिकटून बसवलेला असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. कंपनीच्या कॅटमध्ये दर चौरस इंचाला साधारण ४०० ते ६०० छिद्रं. या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करणं, अर्धवट जळलेलं पेट्रोल जाळणं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधून नायट्रोजन मोकळा करणं, ही तिन्ही कामं त्या वीतभर पोळ्यात होतात.

टर्बोचं चाक फिरतं ते त्याच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावर. पुढची जाळी काढली की तिकडचा दाब उतरतो, चाक लवकर वेग धरतं आणि बूस्ट लवकर येतं. ट्यूनर हे सांगतो त्यात काही खोटं नाही. माझी गाडी २०१६ ची ऑक्टाव्हिया, १.८ टीएसआय. कंपनीच्या आकड्यांनुसार १८० पीएस आणि २५० एनएम. कॅटलेस आणि रिमॅप (इंजिनाच्या संगणकातला, म्हणजे ईसीयूमधला, प्रोग्राम बदलणं) झाल्यावर पहिल्यांदा खंबाटकीच्या घाटात पाय दिला तेव्हा गाडी जी उसळली, ती मी अजून विसरलेलो नाही. टर्बोची शीळ केबिनमध्ये ऐकू यायची. तो आवाज मला आजही आवडतो.

पण काकांच्या त्या बोलण्याने मी चरकलो आणि पहिल्यांदा नीट वाचायला बसलो. तेव्हा जे कळलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच.

कॅट थंड असताना जवळपास काहीच काम करत नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तो जागा होतो. म्हणून तर कंपन्यांनी तो टर्बोच्या इतक्या जवळ आणला. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर इंजिन जरा वरच्या आरपीएमला घरघरतं ना, ते नुसतं स्वतःला गरम करायला नसतं. ईसीयू त्या वेळी मुद्दाम ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे सिलिंडरमधली उष्णता वाया जाऊन एक्झॉस्टमध्ये जाते आणि कॅट लवकर तापतो. आता तळघरातली माझी गाडी डोळ्यांपुढे आणा. थंड इंजिन, जास्तीचं पेट्रोल, उशिराची ठिणगी. सगळा खटाटोप कॅट तापवण्यासाठी, आणि कॅट जागेवरच नाही. एरवीही पहिल्या मिनिटाचा धूर सगळ्यात वाईट असतो. माझ्या गाडीतून तो तसाच्या तसा कमी उंचीच्या छताखाली, काकांच्या खुर्चीकडे जात होता. वरून डोळ्यांना झोंबणारा वास तरी कळतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. बंदिस्त जागेत तो माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि मी त्या जागेत रोज गाडी गरम होईपर्यंत सीट बेल्ट, फोन, गाणी लावत बसायचो.

त्याच महिन्यात पीयूसी संपली. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरून पुन्हा मोजतात, तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत हवा. माझी गाडी दोन्हीकडे नापास झाली, आणि थोडीथोडकी नाही. मशीनवरच्या पोराने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, शेजारच्या गाडीत नळी घालून काढून देऊ का?" मी हो म्हणालो. ते सर्टिफिकेट खिशात घालून घरी आलो, आणि उतारावर काका दिसले. त्यांच्याकडे मला मान वर करून बघवेना.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. म्हटलं, माझा जुना डाऊनपाईप द्या, परत बसवायचाय. तिथे कळलं की तो भंगारात गेला. बसवताना मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. भंगारवाला तो नुसत्या लोखंडाच्या भावाने घेत नाही, आतल्या मौल्यवान धातूंसाठी घेतो. कंपनीच्या नव्या पाईपची किंमत फोनवर विचारली तेव्हा आकडा ऐकून मी फोन ठेवून दिला. म्हणून पहिली गोष्ट ही: काहीही बसवा, पण काढलेला कंपनीचा पाईप त्याच संध्याकाळी डिकीत घालून घरी आणा. दोन्ही तोंडांना कापड बांधा, वर मार्करने किलोमीटर आणि तारीख लिहा, माळ्यावर टाका. गॅरेजवाला कितीही म्हणाला, "राहू दे इथे, जागा आहे," तरी आणा.

मग मी कॅटेड पाईप बसवला, २०० सेलचा, धातूच्या पत्र्याच्या जाळीचा. छिद्रं मोठी आणि भिंती पातळ, त्यामुळे वायूला अडथळा कमी. कॅटलेसवर डायनोला चाकांपाशी २२१ एचपी आले होते, या पाईपवर २१५. सहा एचपी. त्या सहासाठी मी पाच महिने एका माणसाच्या डोळ्यांत धूर सोडत होतो. दुसरं म्हणजे, माझ्या गाडीचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी बनवलाच आहे २५० एनएमसाठी. म्हणजे घाटात मी जे एन्जॉय करत होतो ते गिअरबॉक्सच्या हिशेबाबाहेरचं होतं. गाडीची खरी मर्यादा कुठे आहे, हे पाईप विकत घेण्याआधी बघावं. बऱ्याचदा ती एक्झॉस्टमध्ये नसते.

कॅटेड घ्यायचा ठरलाच, तर तो खरा आहे का ते बघा. बाजारात असे पाईप मिळतात ज्यांच्या फुगीर डब्यात बोटभर जाडीची चकती तेवढी असते. फ्लँजमधून टॉर्च मारा. जाळी एकसारखी, पूर्ण व्यासाची आणि भरपूर लांब दिसली पाहिजे. सेलची संख्या विचारा, आणि सांगणारा अडखळला तर उठून या. पैसे हप्त्यात द्या, शेवटचा हप्ता पीयूसीच्या मशीनची खरी पट्टी हातात आल्यावर. मी असंच केलं. नळी माझ्याच गाडीत आहे ना, हे मागे उभं राहून पाहिलं. गाडी पास झाली.

खरा कॅट असला तरी तो मारायला वेळ लागत नाही. एक कॉइल कमजोर झाली, एक सिलिंडर चुकू लागला, की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि जाळी वितळायला लागते. गाडी थरथरली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर पाय काढा आणि थांबा. रिमॅप करताना "पॉप्स अँड बँग्ज हवेत का?" असं विचारतील. नको म्हणा. पाय काढल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजतात ते मुद्दाम पेट्रोल पाठवून आणि ठिणगी उशिरा टाकून, म्हणजे कॅटच्या तोंडावरच आग लावून. कॅटेड पाईप आणि हा मॅप एकत्र नांदत नाहीत.

चेक इंजिनच्या दिव्याबद्दल आणखी थोडं. कॅटच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो, तो मिश्रण सांभाळतो. मागे दुसरा, तो कॅट काम करतोय का यावर लक्ष ठेवतो. कॅट काढला की मागचा सेन्सर ओरडतो, पी०४२० हा कोड येतो. मग सेन्सरखाली स्पेसर लावून त्याला वायूच्या धारेबाहेर ओढतात, किंवा ईसीयूमधून तो कोडच पुसतात. माझ्या गाडीत पुसला होता. पुसताना आणखी काय काय पुसलंय, ते मला कधीच नीट कळलं नाही. नंतर ती गाडी कुठल्याही मेकॅनिककडे नेताना ही शंका बरोबर न्यावी लागायची. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर घ्या. मागितलेलं बूस्ट आणि प्रत्यक्षातलं बूस्ट दोन्ही बघत चला. नळी फार मोकळी झाली आणि वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन जादा वायू सोडणारी झडप) लहान पडला, तर बूस्ट मागणीपेक्षा वर चढत राहतं. टर्बो कधी मरायला लागला, ते मग आवाजावरून कळायच्या आत कळतं.

उष्णताही मोजा. कंपनीचा पाईप पत्र्याच्या ढालीत गुंडाळलेला असतो. बाहेरून बनवून आणलेला चकचकीत स्टीलचा पाईप उघडा असतो. सर्व्हिसला गाडी वर उचलली तेव्हा माझ्या उजव्या ड्राइव्हशाफ्टचं रबरी बूट एका बाजूने चुरमडलेलं दिसलं, चुलीजवळ ठेवलेल्या प्लास्टिकच्या डब्यासारखं. वंगण बाहेर येऊन सुकलं होतं. ढाल परत बसवायचं कुणी लक्षातच घेतलं नव्हतं. पाईप बसवल्यावर पाचशे किलोमीटरनी गाडी लिफ्टवर घ्या. फ्लँजपाशी काळी काजळी, ढिले नट आणि आसपासचं रबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता कायदा. कॅटेड बसवला म्हणजे आपण सुटलो, असा समज मी बऱ्याच जणांचा पाहिलाय. माझाही होता. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. हवा आणि आवाजाची मर्यादा मोडली तर दंड वेगळा, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत, आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. कॅटेड पाईपने हवेचा प्रश्न बराच सुटतो, कलम ५२ चा सुटत नाही. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी मी एजंटला खरं काय ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "उद्या अपघात झाला आणि सर्व्हेअरने बोनेट उघडलं, तर मी तुम्हाला कुठलाही शब्द देऊ शकत नाही." घरात दोन लहान मुलं आहेत. मला तेवढं पुरे झालं.

कॅटलेसला जागाच नाही, असं मी म्हणणार नाही. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रेलरवरून गाडी नेणारे लोक आहेत. ती गाडी रस्त्यावर येत नाही, तळघरात गरम होत नाही. तिथे त्या सहा एचपींना अर्थ आहे. तुमची गाडी सकाळी ऑफिसला, संध्याकाळी क्लासला आणि रविवारी साताऱ्याला जात असेल, तर फोनवर मी सगळ्यांना एकच सांगतो: कंपनीचा कॅट राहू दे. प्लग, कॉइल, एअर फिल्टर, टायर आणि ब्रेक यांवर पैसे घाला. गाडी त्याने खरंच बदलते.

मीही कंपनीचाच पाईप परत बसवायचं ठरवलं, आणि तो मला शेवटी कुर्ल्याच्या बाजारात मिळाला, मागून ठोकलेल्या माझ्याच मॉडेलच्या गाडीचा. तीन शनिवार हिंडलो. दुकानदाराने पोत्यातून काढून समोर ठेवला. मी मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं, जाळी अखंड होती, करड्या रंगाची, एकही कोपरा ढासळलेला नव्हता. भावही फार ताणला नाही. ढाल, नवं गॅस्केट, नवे नट घेऊन तो बसवला आणि मॅपही कंपनीचाच परत टाकून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो. गाडी सुरू केली आणि सवयीने आरशात पाहिलं. काका खुर्चीवरच होते, पेपर वाचत. मी गाडी उतारावरून वर आणली, मग खाली उतरून मागे गेलो आणि सायलेन्सरजवळ वाकून वास घेतला. थंड गाडीचा असतो तेवढा होता. दोनेक मिनिटांनी पुन्हा वाकलो, तेव्हा नुसती ऊब लागली. काकांनी पेपर खाली करून विचारलं, "काय झालं साहेब, पंक्चर?"