आंब्याचं कलम जमिनीत कधी लावायचं?



कलमं घरी आली की रोवणीच्या घाईत हातासरशी लावून मोकळं व्हायचं, असं आपल्याकडे होते. काहीजण नाशिकचे द्राक्षाचे व्हिडिओ पाहून जानेवारी-फेब्रुवारीत लावायचं म्हणतात. तिकडं खुंट त्या दिवसांत लावतात, पण त्यांच्याकडं ठिबक असते. आपला उन्हाळा 45 अंशांवर जातो, कोवळं कलम टिकत नाही.

आधी जमीन ओळखा. खड्ड्यात पावसाचं पाणी भरलं की दुसऱ्या दिवशी जाऊन पाहा.

पाणी मुरलं असेल (बरड, मुरमाड) तर जूनअखेर ते जुलै. पहिल्याच पावसावर लावू नका, मध्ये आठ-दहा दिवस दडी मारली की कलम करपते. खड्ड्यातली माती खालपर्यंत ओली झाली की उघाड पाहून लावा.

पाणी तसंच साचून असेल (कन्हार, मोरांड, खोलगट बांधी) तर *जुलै-ऑगस्टच्या झडीत मुळीच लावू नका.* मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात. आपल्याला वाटते खत कमी पडलं, म्हणून युरिया टाकतो. खरं म्हणजे कलम पाण्यात गुदमरत असते. झड संपल्यावर, पोळा ते गणपतीच्या सुमारास, धुऱ्यावर किंवा दीड-दोन फूट उंच ढिगावर लावा. मात्र पुढं पाऊस कमी उरतो, दिवाळीपासून पाणी हातानं द्यावं लागेल. बोडी किंवा विहीर जवळ नसेल तर अशा जमिनीत मोजकीच कलमं लावावी, असं माझं मत आहे.

तोपर्यंत पिशव्या उंचवट्यावर, अर्ध्या सावलीत ठेवा. तांबूस कोवळी पालवी असेल तर ती हिरवी, जून होऊ द्या, मगच लावा. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. जोडाला प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर ब्लेडनं कापा, नाहीतर खोड आवळते. जोडाखालचे फुटवे खुंटाचे असतात, दिसले की काढा.

फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं मिळते. पुढचे हप्ते झाडं जगली तरच. म्हणून महिनाभर उशीर झाला तरी चालेल.

खड्ड्यात पाणी साचत असेल तर फोटो ग्रुपवर टाका. धान निघाल्यावर गुरं मोकळी सुटतात, त्याआधी काट्यांचं कुंपण करून ठेवा.