मुक्या जवानांची गोष्ट



आपल्या वांकिडीच्या शिवारात पीक हाताशी आले की रानडुकरांची भीती असते. मग घरातले कोणीतरी रात्री जागलीला जाते आणि मागोमाग घरचा कुत्राही निघतो. अंधारात माणसाला काही दिसण्याआधी कुत्र्याला चाहूल लागते. सीमेवरचा जवान आणि त्याचा कुत्रा यांचे नाते याच चाहुलीवर उभे आहे.

आपल्या सैन्यातील कुत्र्यांना मेरठ येथे रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात शिकवतात. प्रत्येक कुत्र्याला एक जवान नेमून दिलेला असतो. त्याला हँडलर म्हणतात. तोच त्याला खाऊ घालतो, स्वच्छ ठेवतो, शिकवतो. पुरलेल्या स्फोटकाचा वास लागला की कुत्र्याने भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही, गुपचूप खाली बसायचे. कारण पंजा लागला तर दोघांचाही जीव जाईल. ती खूण जवानाने अचूक ओळखायची असते. म्हणजे विश्वास दोन्ही बाजूंनी हवा.

मुधोळच्या घोरपडे संस्थानाने जोपासलेली मुधोळ हाउंड ही आपल्या देशी जातीची कुत्रीही २०१६ मध्ये प्रशिक्षणासाठी मेरठला नेण्यात आली. या जातीवर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघाले आहे.

आता तीन नावे लक्षात ठेवा.

मानसी : ऑगस्ट २०१५ मध्ये काश्मीरच्या तंगधार भागात या लॅब्रॅडोर कुत्रीला घुसखोरांची चाहूल लागली. चकमकीत ती आणि तिचे हँडलर बशीर अहमद वार दोघेही कामी आले. पुढे तिच्या शौर्याची सैन्याने अधिकृत नोंद घेतली.

केंट : सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरी जिल्ह्यात अतिरेक्यांचा माग काढताना गोळीबार झाला. हँडलरला वाचवताना केंटने प्राण दिले.

झंजीर : हा सैन्यातला नव्हे, मुंबई पोलिसांचा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून असंख्य जीव वाचवले. २००० मध्ये तो आजाराने गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला.

हा पाठ सांगताना एका मुलाने विचारले, "गुरुजी, कुत्र्याला पगार असतो का?" आम्ही क्षणभर थांबलो. पगार नाही. भरती व्हायचे की नाही, हेही त्याला कोणी विचारत नाही. तो देशासाठी नव्हे, आपल्या माणसासाठी पुढे जातो. म्हणूनच त्याची जबाबदारी आपल्यावर येते. सेवेला कायमच्या निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्यांना पूर्वी सैन्यात मरण दिले जाई. २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातून हे उघड झाले, तेव्हा लोक हळहळले आणि प्रश्न न्यायालयात गेला. आता निवृत्त कुत्री मेरठला सांभाळतात, काही दत्तकही दिली जातात. प्रश्न विचारल्याने असा बदल घडतो.

पालकांनाही एक विनंती. जागलीला सोबत केलेला कुत्रा म्हातारा झाला म्हणून त्याला हाकलू नका. मुले आपल्याकडूनच शिकतात.

स्वाध्याय
१. स्फोटक सापडल्यावर कुत्रा भुंकत का नाही?
२. हँडलर व कुत्रा यांच्यात विश्वास कसा निर्माण होतो?
३. तुमच्या घरच्या किंवा शेतावरच्या कुत्र्याविषयी दहा ओळी लिहा.