मुलांच्या हाती टाळ

मागे एका सप्ताहात काल्याचा प्रसाद घेऊन बसलो असता एका गृहस्थांनी विचारले, "शाळेत पोरांना टाळ-पखवाज शिकवून करायचं काय, मास्तर? आधी पाढे येऊ द्या की."

प्रश्न रास्त आहे. पण आपल्या बीड जिल्ह्याची रीत डोळ्यांपुढे आणावी. दसरा-दिवाळी झाली की येथून लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि कित्येकांची पोरेही दप्तर गुंडाळून त्यांच्यामागे फडावर जातात. परत येईतो उन्हाळा लागतो. तोवर पाढे विसरतात, जोडाक्षरे विसरतात; हाताला बसलेला ठेका मात्र विसरत नाही. टाळाने पाढे येतात असे माझे म्हणणे नव्हे. पण सगळ्यांत मागे पडलेले, खाली मान घालून बसलेले पोर टाळ हाती येताच ओळीत पहिले उभे राहते, आणि एकदा उभे राहिले की मग पाढ्यालाही उभे राहते.

आळंदीस १९१७ साली वै. विष्णुबुवा जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा आरंभीच्या मंडळींत आपल्या नेकनूरचे वै. बंकटस्वामी महाराज होते. तेथील चार वर्षांच्या अभ्यासात ज्ञानेश्वरी, गाथा यांच्या जोडीला गायन व पखवाज आहे. तो कीर्तनकार घडविण्याचा अभ्यास झाला. मी बोलतो ते तिसरी-चौथीच्या पोरांविषयी.

त्यांना प्रथम टाळ देऊ नये, पाऊल द्यावे. आठ मात्रांचा भजनी ठेका पावलीत बसला की मग टाळ. दोन्ही टाळ अगदी समोरासमोर आपटले तर आवाज कोंडतो. किंचित खालीवर धरून कडेला कड लागली म्हणजे नाद सुटतो. हे सांगू नये, पोराला आपटू द्यावे. दोन दिवसांत त्याचे त्यालाच कळते. पखवाजाचेही तसेच. डाव्या पुडीला लावायची कणीक पोरांकडूनच मळून घ्यावी. कणीक जास्त लागली की आवाज खाली बसतो, कमी लागली की वर चढतो. (आमच्या पोरींची कणीक पोरांपेक्षा चांगली होते, हे कबूल केले पाहिजे.)

मग कथा. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईची कथा सांगत होतो. देव दळू लागले, येथे थांबलो आणि म्हटले, "आता जातं तुम्ही वाजवा." बहुतेकांनी एकच घरघर धरली. एक पोरगी मात्र आधी जड, ओढून वाजवू लागली आणि हळूहळू हलकी झाली. मी विचारले, असे का? तर म्हणाली, "वैरण घातली की जातं जड जातं ना गुरुजी, मग सरलं की पळतं." तिला हे कोणी शिकविले नव्हते. आजीपाशी बसून ऐकलेले तिने टाळात आणले. गवई याला उपज म्हणतात. नियम एवढाच ठेवला, की वाटेल तसे फिरा, पण समेवर सर्वांबरोबर या. चुकले तरी हसायचे नाही, पुढच्या समेवर मिळायचे.

मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहे असतात. तेथे संध्याकाळी हे सहज करता येते; आईबाप दूर असले की ती वेळ पोरांना फार खायला उठते. जी पोरे फडावर जातात, त्यांच्या गाठोड्यात मी टाळांची एक जोडी, दोरी नवी घालून, देतो. गेल्या सालची एक जोडी परत आली ती दोरीऐवजी उसाच्या मोळ्या बांधायच्या सुतळीने ओवलेली. पोर म्हणाले, दोरी तुटली. आणि लगेच सांगू लागले, की कोप्यांवरच्या सात पोरांना पावली येते, दोघांची अजून चुकते.