ज्वारीचे बार का चुरतात?

प्रश्न : मी घरी ज्वारीच्या पिठाचे कुकी बार करून पाहते. कापताना चुरा होतो आणि मोसंबी घातली तर कडवट लागतात. काय करू? – एक वाचक, अंबड, जि. जालना

उत्तर : चुरा होणारच. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ धरून ठेवणारं काही नाही. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना आपण काय करतो? गरम पाणी घालतो. तेच इथे करा. 100 ग्रॅम ताज्या दळलेल्या पिठापैकी निम्म्यावर 3-4 चमचे उकळतं दूध ओता, झाका, निवू द्या. मग उरलेलं पीठ, 50 ग्रॅम कणीक, 75 ग्रॅम तूप, तेवढाच चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घालून हलक्या हाताने एकत्र करा. 6 इंची चौकोनी डब्यात दाबून बसवा. 170 अंशांवर साधारण 25 मिनिटं. कडा तांबूस झाल्या की बाहेर काढा. वड्या पाडण्याच्या खुणा गरम असतानाच करा, पण काढा पूर्ण गार झाल्यावर. बहुतेकांची घाई इथेच नडते.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ती घालाच. पण रस नको. काढून ठेवलेला रस कडू होत जातो, शिवाय बार ओलसर राहतात. बारीक किसणीवर फक्त वरची रंगीत साल किसा. पांढरा भाग लागला की किसणी थांबवा, कडवटपणा तिथलाच. एका मोसंबीची साल एवढ्या पिठाला पुरे.

चॉकलेट चिप्स या घाण्यात टाकू नका, मोसंबीचा वास मरतो.