घरगुती इंटरनेट : येणारा वेग आणि जाणारा वेग

बेळगाव-निपाणी परिसरातील अनेक विद्यार्थी बेळगाव वा कोल्हापूर येथे उच्च शिक्षण घेतात. प्रवेशाचे अर्ज आता बहुधा इंटरनेटवरूनच भरावे लागतात व दाखल्यांच्या प्रतीही त्याच मार्गाने पाठवाव्या लागतात. ज्या घरी चित्रपट विनाअडथळा दिसतो, तेथेच मुदतीच्या शेवटच्या रात्री दाखले पुढे सरकत नाहीत. अशा वेळी यंत्रात बिघाड असतोच असे नाही. इंटरनेटचे वेग दोन असतात, हे ध्यानात घ्यावयास हवे.

बाहेरील माहिती घरात येण्याचा वेग म्हणजे डाउनलोड. घरातील माहिती बाहेर जाण्याचा वेग म्हणजे अपलोड. जाहिरातीतील ठळक आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडसाठी सेकंदाला किमान २ मेगाबिट वेग ठरविला, तोही डाउनलोडचाच.

वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट माहिती येते. समजा, ३० मेगाबाइटचे, म्हणजेच २४० मेगाबिटांचे दाखले पाठवावयाचे आहेत. अपलोडचा वेग १ मेगाबिट असल्यास त्यांना किमान चार मिनिटे लागतील. १० असल्यास २४ सेकंद पुरतील.

हा भेद का असतो? टेलिफोनच्या तांब्याच्या तारेची वहनक्षमता मर्यादित असते. घरी माहिती येते अधिक, जाते कमी, म्हणून त्या क्षमतेचा मोठा वाटा येणाऱ्या माहितीस दिला गेला. पुणे-बंगळूर महामार्गावर येण्यास अनेक मार्गिका व जाण्यास एकच ठेवावी, तसा हा प्रकार होय. शिवाय केंद्रापासून अंतर वाढेल तसा तारेवरील वेग घटतो. त्यामुळे दूरच्या वस्तीस तो कमीच मिळतो. काचेच्या प्रकाशतंतूवर दोन्ही वेग समान देता येतात. मात्र ते घेतलेल्या योजनेवर अवलंबून असते.

यास्तव जोडणी घेताना दोन्ही आकडे विचारून घ्यावेत. वेग तपासताना संगणक तारेने राउटरला जोडावा, इतर उपकरणे बंद ठेवावीत आणि सकाळी, दुपारी व रात्री मोजणी करून आकडे लिहून ठेवावेत. तक्रार करताना ही नोंद उपयोगी पडते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अशी मोजणी करवून घ्यावी. त्यातून गणिताचा पाठही होईल आणि अर्जासाठी शेवटच्या रात्रीची वाट पाहू नये, हेही मुलांना उमजेल.